पस्तीस दिवसांचा उपचार आणि बुडणारी मजुरी

डोके व मान यांच्या कर्करोगाविषयी आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, रुग्णाचे तंबाखूचे व्यसन आणि दुसरी, डॉक्टरांचे कौशल्य. व्यसनाला दोष दिला व कौशल्याला हात जोडले की विषय संपला असे मानले जाते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट उभी असते. ती म्हणजे सुरू झालेला उपचार रुग्णाला शेवटपर्यंत घेता येईल अशी व्यवस्था. तिच्याविषयी मात्र सरकारही बोलत नाही आणि वृत्तपत्रेही बोलत नाहीत. वस्तुतः वाढलेल्या रोगात रुग्ण जगणार की नाही, हे पुष्कळ अंशी या तिसऱ्या गोष्टीवरच ठरते.

प्रश्न लहान नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात केवळ ओठ व मुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ८० हजार माणसे या रोगाने मरण पावली. घसा व स्वरयंत्र यांचे रुग्ण यात धरलेले नाहीत. यांपैकी बहुसंख्य रुग्ण गाठ मानेपर्यंत उतरल्यावर इस्पितळात येतात. ते कोण आहेत हे सांगावयास नको. भूक मारण्यासाठी आणि रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून तंबाखूची गोळी गालात धरणारा हमाल, बांधकाम मजूर, ट्रकचालक, शेतमजूर स्त्री हेच ते रुग्ण होत.

किरण आणि औषध यांची सांगड

ज्या गाठी कापून काढता येत नाहीत त्यांना पूर्वी केवळ किरणोपचार देत. गाठ विरघळे, परंतु पुष्कळ रुग्णांत त्याच जागी पुन्हा उद्भवे. या स्थितीत बदल घडविला तो सिस्प्लॅटिन या औषधाने. १९६५ साली अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे विद्युत्क्षेत्राचा जीवाणूंवर होणारा परिणाम अभ्यासीत होते. जीवाणूंचे विभाजन थांबल्याचे त्यांना आढळले. शोध घेता त्याचे कारण विद्युत्क्षेत्र नसून प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून सुटलेली संयुगे आहेत असे दिसून आले. त्यांतूनच हे औषध हाती आले आणि १९७८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

या औषधाची किरणांशी जी जोडी जमली तिचे कारण समजून घेण्याजोगे आहे. किरणांमुळे पेशीतील डीएनएच्या धाग्यांवर घाव पडतात आणि कर्करोगाची पेशी त्यांची डागडुजी करू पाहते. सिस्प्लॅटिन हे धागे एकमेकांना जखडून टाकते व डागडुजीचे काम अडवते. म्हणूनच दोन्ही उपचार एकाच काळात होणे महत्त्वाचे ठरते. ९३ चाचण्यांतील १७,३४६ रुग्णांची माहिती एकत्र करून केलेले विश्लेषण २००९ साली प्रसिद्ध झाले. किरणोपचार चालू असतानाच औषध दिल्यास पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण साडेसहा टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. वय सत्तरीपलीकडे गेलेल्यांना मात्र हा लाभ दिसला नाही.

स्वरयंत्राच्या रुग्णांबाबतचा एक निष्कर्ष २००३ साली अमेरिकेत पुढे आला. दोन्ही उपचार एकदम दिलेल्यांपैकी ८८ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र दोन वर्षांनंतर शाबूत होते, तर केवळ किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ७० टक्के होते. फेरीवाला, शिक्षक किंवा सभेत बोलणारा कार्यकर्ता यांच्या दृष्टीने आवाज वाचणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मुखाच्या कर्करोगात प्रथम शस्त्रक्रिया हाच मार्ग राहतो. परंतु काढलेल्या भागाच्या कडेला रोग उरला असेल, किंवा मानेतील ग्रंथीचे आवरण फोडून तो बाहेर पडला असेल, तर नंतरच्या किरणोपचारासोबत औषध दिल्याने लाभ होतो, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी दाखविले.

खंड पडला की काय होते

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. शस्त्रक्रियेशिवाय दिल्या जाणाऱ्या या उपचारात सर्वसाधारणपणे दररोज २ ग्रे याप्रमाणे ३५ दिवसांत ७० ग्रे किरणमात्रा देतात. आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे एकूण सात आठवडे. चौथ्या आठवड्याच्या सुमारास उरलेल्या कर्कपेशी अधिक वेगाने वाढू लागतात, हे १९८८ सालीच दाखविले गेले आहे. त्यामुळे उपचार जितके दिवस लांबेल तितकी रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटते. निरनिराळ्या पाहण्यांनुसार ही घट दर दिवसामागे सुमारे एक ते दीड टक्का भरते. आठवडाभराच्या खंडाने होणारे नुकसान आणि औषधाने मिळणारा साडेसहा टक्क्यांचा लाभ ही दोन मोजमापे एकाच जातीची नव्हेत, हे खरे. परंतु एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते, हे त्यांवरून स्पष्ट होते.

याचा बोलका पुरावा २००३ सालच्या एका अमेरिकन चाचणीत आहे. शस्त्रक्रिया अशक्य झालेल्या रुग्णांचे तीन गट केले होते. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी २३ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. किरणांसोबत सिस्प्लॅटिन घेतलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के झाले. तिसऱ्या गटाला एकाऐवजी दोन औषधे दिली, परंतु किरणोपचार मध्ये थांबवून दोन तुकड्यांत दिला. तेथे प्रमाण केवळ २७ टक्के राहिले. तेथे हा खंड डॉक्टरांनी योजून ठेवलेला होता. आपल्याकडे तो योजावा लागत नाही, दारिद्र्यच तो घडवून आणते.

तिसरा-चौथा आठवडा उजाडला की तोंड आतून सोलवटते, घास गिळवत नाही, नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागते. औषधाने उलट्या होतात, मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांना धोका असतो, म्हणून वारंवार रक्त तपासावे लागते. नेमक्या याच वेळी गाठीचे पैसे संपतात. सोबत आलेल्या भावाचे वा पत्नीचेही काम बुडालेले असते. धर्मशाळेतील मुदत संपते. गाठ तर लहान दिसू लागलेली असते. मग रुग्ण गावी जातो आणि दहा दिवसांनी परततो, किंवा परततच नाही. इस्पितळाच्या कागदावर त्याची नोंद ‘उपचार अर्धवट सोडला’ अशी होते. जणू त्याने तो आपल्या खुशीने सोडला!

संशोधन कोणासाठी?

त्रास कमी व्हावा आणि देणे सोयीचे पडावे म्हणून आपल्या इस्पितळांत तीन आठवड्यांनी मोठी मात्रा देण्याऐवजी दर आठवड्याला लहान मात्रा देण्याची पद्धत रूढ झाली. ती कितपत योग्य, हा प्रश्न मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ३०० रुग्णांच्या चाचणीत तपासला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम ही मात्रा तीन आठवड्यांनी दिली असता दोन वर्षांनंतर ७३ टक्के रुग्णांत रोग जागच्या जागी आटोक्यात होता. दर आठवड्याच्या ३० मिलिग्रॅमने हे प्रमाण ५८.५ टक्केच राहिले. मोठ्या मात्रेचा त्रास अधिक होता, हेही त्या चाचणीने लपविले नाही. पुढे जपानमधील चाचणीने २०२२ साली दाखविले की शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत आठवड्याला ४० मिलिग्रॅम ही मात्रा मोठ्या मात्रेपेक्षा उणी ठरत नाही. गरिबाला सोयीचा उपचार अवश्य शोधावा, परंतु तो सिद्ध करून घ्यावा. स्वस्ताईच्या नावाखाली त्याच्या पदरी अपुरा उपचार पडता कामा नये, हा याचा धडा होय.

ज्यांना सिस्प्लॅटिन सोसत नाही अशा ३५६ रुग्णांवरील चाचणीही याच रुग्णालयाने केली. डोसेटॅक्सेल हे जुने औषध किरणांसोबत दिले असता दोन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४२ वरून ५१ टक्क्यांवर गेले, असे २०२३ साली प्रसिद्ध झाले. मक्तेदारीची मुदत संपलेल्या औषधावर असा प्रश्न विचारण्यात नफेखोर कंपनीला स्वारस्य नसते. तो विचारला जातो सार्वजनिक संस्थेत. उलट सेटुक्सिमॅब या महागड्या औषधाचा किती गाजावाजा झाला! विषाणूजन्य घशाच्या कर्करोगात ते सिस्प्लॅटिनपेक्षा उणे असल्याचे २०१८ साली दोन चाचण्यांत सिद्ध झाले. नव्या प्रतिकारशक्तिवर्धक औषधांनी शस्त्रक्रियेस योग्य रुग्णांत २०२५ साली काही लाभ दाखविला आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु आज बहुसंख्य भारतीय रुग्ण मरतात ते नवे औषध नाही म्हणून नव्हे. हाताशी असलेला उपचार पुरा होत नाही, म्हणून ते मरतात.

काय मागावयाचे?

सिस्प्लॅटिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत आहे आणि भारतीय कारखान्यांत तयार होते. किरणोपचाराचे भाभाट्रॉन यंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातच घडविले. त्याला लागणारे कोबाल्ट राजस्थानातील रावतभाटा येथे तयार होते. म्हणजे साधनांचा दुष्काळ नाही. तरीही दर दहा लाख लोकांमागे किमान एक किरणोपचार यंत्र ही जी मर्यादा मानली जाते, तिच्या आपण पुष्कळ खाली आहोत आणि असलेली यंत्रे मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत. वाराणसी, मुल्लनपूर, गुवाहाटी येथे सार्वजनिक केंद्रे उभी राहिली हे स्वागतार्ह आहे. परंतु ज्या उपचारासाठी पस्तीस वेळा यावे लागते, तो उपचार जिल्ह्याच्या जवळ आलाच पाहिजे.

दुसरी मागणी बुडीत मजुरीची. विमा योजना इस्पितळाचे बिल भागवितात, रेल्वे भाड्यात सवलत देते, परंतु सात आठवड्यांची चूल कोण पेटविणार? कर्मचारी राज्य विमा योजनेत कर्करोग झालेल्या कामगारास दीर्घ मुदतीचा आजारपणाचा भत्ता वेतनाच्या ८० टक्के दराने मिळतो. विडी वळणारी, वीट भाजणारी, शेतात राबणारी माणसे मात्र या योजनेच्या बाहेर आहेत. क्षयरोग्याला पोषणासाठी २०१८ पासून दरमहा रोख रक्कम मिळते, कारण अर्धवट उपचार घातक असतो हे सरकारने तेथे मान्य केले. तेच तत्त्व येथे का लागू होऊ नये? किरणोपचार चालू असेतो रुग्ण व एक सोबती यांना निवास, आहार आणि मजुरीची भरपाई मिळालीच पाहिजे.

तिसरी मागणी लवकर निदानाची. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील मोठ्या अभ्यासाने २००५ साली दाखविले की प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी तोंड तपासल्यास तंबाखू व मद्य सेवन करणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटतात. त्यासाठी लागते ते प्रशिक्षण, एक विजेरी आणि पुरेसे वेतन मिळणारा आरोग्यसेवक.

या मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. जेथे जेथे आपले कार्यकर्ते व कामगार संघटना आहेत, तेथे उपचार घेणाऱ्या साथीला शेवटच्या दिवसापर्यंत टिकवून धरणे हे संघटनेचे काम आहे. आरंभीच दातांची तपासणी करून घेणे, सोबतीच्या पाळ्या लावणे, दूध-अंड्यांची तजवीज करणे आणि तिसऱ्या आठवड्यात गावी निघालेल्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून थांबविणे, ही कामे कोणत्याही शाखेला करता येण्याजोगी आहेत. किरण आणि औषध यांची सांगड शास्त्रज्ञांनी घालून दिली आहे. तिला भाकरी आणि निवारा यांची जोड देण्याचे काम समाजाचे आहे आणि ते सरकारकडून करवून घेणे हे चळवळीचे काम आहे.