शिकारीला सुरुवात कुठनं करायची, असं विचारणाऱ्या पोरांना



मागच्या रविवारी मुंबईत होतो. लोअर परळला, डिलाईल रोडवर आमच्या वाडीच्या मंडळाची शिमग्याची मीटिंग होती. पालखीचा खर्च, गाड्यांचं बुकिंग, देवळाच्या पत्र्यांची वर्गणी, नेहमीची भांडणं, सगळं झालं. चहा आला तेव्हा तीन पोरं जवळ येऊन बसली. तिघंही यंदा मुंबई सोडून गावी शेती करायला येणार आहेत. मला बरं वाटलं. म्हटलं, आता विचारतील भात कुठलं लावू, काजूला खत कधी घालू. तर पहिला प्रश्न काय?

"दादा, शिकारीला सुरुवात कुठनं करायची? बंदुकीचं लायसन किती दिवसांत होतं?"

मी हसलो आणि विषय बदलला. ते चुकलं माझं. रात्रभर गाडीत तोच प्रश्न डोक्यात. म्हणून आज इथे लिहितोय.

आधीच सांगतो, मी डुकराच्या बाजूचा नाही. माझी खाचरं सगळी मिळून २२ गुंठे. मागच्या भादव्यात त्यातलं सात-आठ गुंठे भात एका रात्रीत गेलं. दाणा दुधात होता. डुक्कर खातं थोडं, लोळतं आणि तुडवतं जास्त. सकाळी बांधावर उभं राहिलो तर कोणीतरी चटया अंथरल्यासारखं भात आडवं. सुरण, रताळी, करांदे तर आम्ही लावायचंच सोडलंय. ज्याने ही सकाळ बघितली नाही त्याने मला 'जंगल त्यांचंही आहे ना' हे ऐकवू नये. माहीत आहे मला.

तरीही त्या पोरांना सांगायचंय की गावाला आल्या आल्या शिकारीच्या टोळीत शिरू नका. कारण मी शिरलो होतो.

लॉकडाऊनमध्ये गावी आलो आणि राहिलो. पहिल्याच शिमग्यात वाडीतली माणसं म्हणाली, चल हाकाऱ्याला. साल सांगत नाही, बरोबर कोण होतं तेही नाही. मला काठी आणि डबा दिला. सांगितलं, ओढ्याच्या कडेकडेने वर चढ, आवाज कर, रांग सोडू नको. आता रांग म्हणजे काय ते लोअर परळच्या पुलावर मला कळतं, रानात नाही. पंधरा मिनिटांत मी रांगेच्या पुढे. करवंदीच्या जाळीतून वाकून वाट काढत होतो. समोर वीस-पंचवीस पावलांवर बंदूकवाला बसला होता. त्याला दिसत होती फक्त हलणारी जाळी. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. बायकोचा फोन, खोलीवरचा गॅस संपला होता, नंबर कुठे लावायचा विचारत होती. रिंग ऐकली म्हणून त्याने बार काढला नाही. नंतर तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. हात थरथरत होते त्याचे. माझ्यापेक्षा जास्त.

कोकणात दर एक-दोन वर्षांनी पेपरात बातमी येते, शिकारीला गेला, साथीदाराची गोळी लागली. आपण वाचतो आणि पान उलटतो. यात जीव जातो तो बऱ्याचदा असाच, ज्याला रान ठाऊक नाही आणि बरोबरच्यांना नाही कसं म्हणावं ते कळत नाही. नवीन माणूस टोळीला कशाला हवा असतो हेही नीट बघा. हाका घालायला, ओझं वाहायला, गाडी द्यायला. मुंबईहून आलेल्याकडे गाडी असते.

आता कायद्याचं. हे कंटाळवाणं आहे, पण वाचा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. पूर्वी त्यात शिकारीचं लायसन मिळायची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. म्हणजे 'शिकारीचं लायसन' नावाची गोष्ट आज आपल्याकडे नाहीच. लायसन मिळतं ते बंदूक बाळगण्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, त्यावर आपल्या म्हाताऱ्यांची लायसनं. पण हे लायसन खिशात असलं म्हणून डुक्कर मारायची मुभा नसते. त्याला वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. आमच्या वाडीत निम्म्या लोकांना अजून वाटतं की पीक संरक्षणाची बंदूक म्हणजे सगळं आलं.

दुसरं, कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, फास लावणं, आमिष ठेवणं, हाकून नेणं आणि या सगळ्याचा प्रयत्नसुद्धा शिकारच. डबा वाजवत गेलो होतो तो मीही शिकारीच. 'मी फक्त बघायला गेलो होतो' म्हणणाऱ्याला ही वाट नाही. गुन्हा सिद्ध झाला की हत्यार आणि गाडी सरकारजमा. हप्ते तुमचे चालू राहतात.

तिसरं, परवानगीने मारलेलं डुक्करसुद्धा सरकारी मालमत्ता. वाटे पडत नाहीत. इथेच खरी गोम आहे. आमच्याकडे 'पिकासाठी' म्हणून जे रान उठवतात त्यातलं बरंचसं मटणासाठी असतं, हे आपल्यात तरी कबूल करू या. पिकासाठी असतं तर भादव्यात रात्री राखणीला माणसं मिळाली असती. शिमग्यात शेतात काय असतं हो? कुळीथ-पावटाही बहुतेक निघालेला असतो.

पोरं रील दाखवत होती, अमेरिकेत हेलिकॉप्टरमधून डुकरं मारतात म्हणून. टेक्सासमध्ये २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानटी डुक्कर मारायला शिकारीचं लायसन लागत नाही, हे खरं आहे. पण ती डुकरं युरोपातून माणसांनी नेलेली, तिथली मूळची नव्हेत. आणि बाकीच्या शिकारीसाठी त्याच टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ नंतर जन्मलेल्याला आधी शिक्षणाचा कोर्स करावा लागतो. जर्मनीत तर परीक्षा असते. रीलमध्ये ते येत नाही.

बंदुकीपेक्षा वाईट फासकी. क्लचवायरचा तुकडा, एक गाठ, पायवाटेवर लावून मोकळं. लावणारा दुसऱ्या दिवशी बघायला येईल याची खात्री नाही. डुक्कर अडकतं कधीतरी. भेकर अडकतं, शेजाऱ्याचा कुत्रा अडकतो. आणि बिबट्या अडकतो. कमरेत तार रुतलेला बिबट्या कसा ओरडतो ते आमच्या वाडीने एक अख्खी पहाट ऐकलंय. तो पहिल्या अनुसूचीतला प्राणी, शिक्षा तीन ते सात वर्षं. फासकी कोणाची ते आजपर्यंत कोणाला माहीत नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. वाडीतली दोन घरं तेव्हापासून एकमेकांच्या ओटीवर चढत नाहीत. आणि कुंपणात घरची लाईट सोडणाऱ्यांबद्दल मी लिहितच नाही, त्यात माणसंच मरतात.

मग करायचं काय? माझं म्हणणं, शिकाऱ्याचं पहिलं काम शिका, माग काढण्याचं. बंदुकीशिवाय.

डुक्कर कुठून येतं ते बघा. आमच्याकडे ते वहाळाच्या कडेने येतं, कधी उघड्या माळावरून नाही. चिखलात खूर उमटतात, मोठ्या मादीचे आणि मागे पिल्लांचे बारके. कुठे लोळलंय, मग कुठल्या झाडाला अंग घासलंय, त्या झाडावर चिखल किती उंचीवर आहे, यावरून जनावर केवढं ते कळतं. उकरलेली माती ओली की सुकी, यावरून कधी येऊन गेलं ते कळतं. दोन पावसाळे मी एक वही घातली याला. माझ्या शेतात ते बहुतेक रात्री एक ते तीनच्या मध्ये येतं आणि २२ गुंठ्यांच्या चारी बाजूंनी नाही, दोनच जागांनी येतं. हे कळल्यावर राखण निम्मी झाली. सगळ्या शेताभोवती साड्या बांधण्यापेक्षा त्या दोन जागा पक्क्या केल्या. साड्यांना, फटाक्यांना, डब्यांना ते पंधरा दिवसांत सरावतं, म्हणून दाणा दुधात आल्यापासून कापणीपर्यंतच ते सगळं वापरायचं, आधीपासून नाही. यंदा नुकसान झालं, पण दीड गुंठ्याचं.

आणि त्या वहीतनंच मला एक गोष्ट दिसली जी मला डिलाईल रोडवर सांगायला हवी होती.

डुक्कर जंगलातून येत नाही. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला जे पडीक आहे तिथून येतं. ते जंगल नव्हे मंडळी, ती आपली खाचरं आहेत. आपले आजे-पणजे गिरणीत गेले, बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी जमेल तेवढं लावलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा माझे बाबा आणि वाडीतले आणखी बरेच जण गावी परतले, वरची खाचरं परत लावली गेली. मग पुढची पिढी, म्हणजे मी, परत मुंबईला. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले, आणि इथे खाचरांच्या जागी घाणेरी आणि रानमोडी. बांध फुटले, आत ओल राहते, वर दाट झाडोरा. डुकरीला व्यायला याहून चांगली जागा नाही. एका वेताला चार-सहा पिल्लं. शिमग्याला दोन मारून काय होणार?

ते साफ का करत नाही? कारण सातबारा सामाईक आहे. माझ्या एका खाचराच्या उताऱ्यावर सव्वीस नावं आहेत. सतरा मुंबईत, दोन वारलेली, एक कुठे आहे ते कोणाला माहीत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज करायला गेलो की संमतीपत्र मागतात. सौरकुंपणाच्या योजनेला सातबारा आणि संमती. अर्ज अडतो तिथेच.

आणि अर्ज करायलाच हवा, यावर मी अडून आहे. नुकसान झालं की तीन दिवसांत कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा. पैसे कमी मिळतात, उशिरा मिळतात, मलाही मिळालेत तसेच. पण आपण काय करतो? अर्ज करत नाही आणि गुपचूप फासकी लावतो. मग सरकारच्या कागदावर आपल्या गावात डुकराचा त्रासच नाही. २०१५ च्या शासन निर्णयाने रानडुक्कर आणि रोह्यासाठी परवानगीची वाट महाराष्ट्रात उघडली होती. ती मागताना पहिला प्रश्न येतो, नुकसानाची नोंद आहे का? आम्ही मागितली तेव्हा गेल्या तीन वर्षांत वाडीतून गेलेले अर्ज किती निघाले? दोन. दोन्ही माझे.

केरळने मे २०२२ मध्ये डुकरं मारायच्या परवानगीचे अधिकार पंचायतीच्या अध्यक्षांपर्यंत दिले. यादीतल्या लायसनधारकांकडूनच मारायचं. विष, स्फोटकं, करंट चालणार नाही. आपल्याकडे सरपंचाला असा अधिकार मिळावा असं माझं स्पष्ट मत आहे. परवानगी येईपर्यंत भात उभं राहत नाही. २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, ऐन कापणीत, आणि आमच्या वाडीतली एकुलती लायसनची बंदूक जमा झाली. डुकरांना आचारसंहिता नव्हती. हे बदलायला हवं, आणि ते मागायचं तर हातात पंचनामे हवेत. चोरून शिकार करणारा माणूस हे मागायला तहसीलला येऊच शकत नाही. त्याला गप्प बसणंच सोयीचं.

तर त्या तिघांना, गावाला या. जूनच्या आधी या, म्हणजे तरवा भाजतानाच सुरुवात होईल. माझी वही देतो, माझ्याबरोबर दहा रात्री राखणीला बसा, मग बंदुकीचं बोलू. लायसनला अर्ज करायचा तर करा, कायदेशीर आहे, मी बरोबर येतो.

आणि डिलाईल रोडच्या बाकी मंडळींना. शिमग्याला येताना काडतुसांची वर्गणी काढू नका, मला कळतं ते. आधारकार्डाची झेरॉक्स आणा. वरच्या खाचरांची संमतीपत्रं मी टाईप करून ठेवलीत, नावं सव्वीसच्या सव्वीस लिहिलीत. पालखी आपल्या वाडीत येईल त्या दिवशी सकाळी देवळात बसतो मी, दहा ते एक. जे यंदा येणार नाहीत त्यांचे कागद मंडळाच्या खजिनदाराकडे खोलीवर ठेवलेत, येत्या रविवारपर्यंत सही करून जा. जे दोघं वारलेत त्यांच्या वारसांनी मला फोन करा, तलाठ्याकडे वारसनोंदीला काय लागतं ते सांगतो.