चिंचोके कुणी मोजायचे?

मे महिन्याच्या सुट्टीत दिरांचा सहा वर्षांचा मुलगा आमच्याकडे राहायला आला होता. सासूबाई माहेरच्या धारवाडच्या. दुपारची जेवणं आटोपली, की त्या माळ्यावरून काढलेली अळगुळी मणे पुढ्यात घेत आणि आजी-नातवाचा डाव सुरू होई.

ज्यांच्या घरी ही मणे नाही त्यांच्यासाठी सांगते. सात-सात खळग्यांच्या दोन ओळी. आमच्याकडे प्रत्येक खळग्यात पाच, म्हणजे एकूण ७० चिंचोके. आपल्या ओळीतल्या एका खळग्यातले सगळे उचलायचे आणि पुढे एकेक टाकत जायचं. हातातले संपले, की त्यापुढच्या खळग्यातले उचलायचे. तो रिकामा असेल, तर त्याच्याही पुढच्या खळग्यातले सगळे आपले आणि पाळी दुसऱ्याची.

खेळ साधा वाटतो, पण हिशेब बघा. खळग्यात तीन चिंचोके असतील, तर शेवटचा पुढच्या तिसऱ्या खळग्यात पडणार. म्हणजे चौथा रिकामा हवा आणि पाचवा भरलेला! हे हात लावण्याआधी मनात मोजावं लागतं. न जमल्यास दुसरा खळगा बघायचा. अडचण ओळखणं, पर्याय शोधणं, परिणाम ताडून पाहणं, सगळं यात आलं.

एके दिवशी स्वारी अडली. बोट हवेत, ओठांवर "ओंदु, एरडु, मूरु..." पुटपुटणं. मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, तो तिसरा उचल." त्याने उचलला, भरपूर चिंचोके मिळाले. पण त्यानंतर प्रत्येक पाळीला तो मणेकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघू लागला. "काकू, आता कुठला?" सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सुम्निरवा, अवंग तिळीतद." गप्प बस, त्याचं त्याला कळतं. वर्गात मुलांना 'स्वतः विचार करा' म्हणून सांगणारी मी! मनातून ओशाळले.

सासूबाईंचं म्हणणं संशोधनाशीही जुळतं. एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आदी अमेरिकेतल्या संशोधकांचा एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक नवीन खेळणं दिलं. त्यात चार गमती दडलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसाने एक गंमत मुद्दाम शिकवली. ती मुलं इतरांपेक्षा कमी वेळ खेळली आणि उरलेल्या गमतीही त्यांना कमी सापडल्या. दाखवलं तेवढंच आहे, असं मूल धरून चालतं.

म्हणून काही शिकवूच नये का? तसं नाही. नियम आपणच सांगायचे. चाल मात्र त्याची. अगदीच रडकुंडीला आलं तर उत्तर न देता विचारावं, "तुझा शेवटचा चिंचोका कुठे पडेल?" हा प्रश्न मराठीत विचारा की कन्नडात, मोजणी त्याचीच होते.

मणे नसली तरी अडत नाही. फरशीवर खडूने १४ गोल काढा. चिंचोके नाहीतर खडे घ्या. मात्र तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर ते त्याच्या हाती लागू देऊ नका. घशात अडकायची भीती असते.

सुट्टी संपता संपता नातवाने आजीला एकदा खरोखर हरवलं. मी तेव्हा शेजारीच भाजी निवडत बसले होते, तोंड मिटून. पालकहो, ते फार अवघड असतं. पण करून बघा.