विजेच्या गाडीच्या पोटातले इंजिन आणि आपला ऊस



‘बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. अमेरिकेत एका मोटारगाडीच्या बाबतीत तसेच घडले. गाडीचे दोन नमुने तेवढे लोकांना दाखवले, आणि कारखाना उभा राहत असतानाच लाखाहून अधिक लोकांनी इसार भरून नंबर लावले. आपली गाडी कशी असावी यावर हौशी मंडळींची वादावादीही सुरू झाली.

तुम्ही म्हणाल, ‘अहो, अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या गाडीशी आम्हा ऊसवाल्यांचा संबंध काय?’ संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. जुना संबंध ट्रॅक्टरचा, नवा इथेनॉलचा.

आधी जुना सांगतो. इंटरनॅशनल हार्वेस्टर ही अमेरिकन कंपनी १९०२ साली स्थापन झाली. कापणीची यंत्रे आणि ट्रॅक्टर हा तिचा मुख्य धंदा. हीच कंपनी १९६३ मध्ये महिंद्र आणि व्होल्टास यांच्याबरोबर भागीदारीत हिंदुस्थानात आली आणि इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली. त्यातूनच बी-२७५ हा ट्रॅक्टर आपल्या शिवारात आला. जुन्या मंडळींना त्याची ओळख करून द्यायला नको.

याच कंपनीने १९६० च्या अखेरीस जीपच्या तोडीची ‘स्काउट’ नावाची गाडी काढली. शेतात, चिखलात, दगडधोंड्यात चालावी आणि घरच्या माणसांनाही घेऊन जावी, अशी साधी, दणकट गाडी. वीस वर्षांत पाच लाखांहून अधिक स्काउट विकल्या गेल्या. १९८० मध्ये ती बंद पडली आणि पुढच्या काही वर्षांत कंपनीचीही वाटणी झाली. पण स्काउटवर जीव टाकणारे राहिलेच. जुन्या गाड्या दुरुस्त करून चालवणारे, त्यांचे सुटे भाग जमवणारे, मेळे भरवणारे.

कंपनीच्या ट्रकच्या धंद्याबरोबर स्काउटचे नाव २०२१ मध्ये जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहाकडे आले. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी नव्या स्काउटचे दोन नमुने जाहीर झाले. ‘ट्रॅव्हलर’ ही बंद जीपसारखी, तर ‘टेरा’ ही मागे हौदा असलेली. दोन्ही विजेवर चालणाऱ्या. नंबर लावायला शंभर डॉलर, तेही परत मिळणारे. उत्पादन दक्षिण कॅरोलायना राज्यात २०२७ मध्ये सुरू करायचा बेत तेव्हा सांगितला गेला.

आता यातली खरी गोम ऐका. गाडी दोन प्रकारांत मिळणार असे कंपनीने सांगितले. पहिला प्रकार नुसत्या बॅटरीचा, एका चार्जिंगमध्ये सुमारे ५६० किलोमीटर. दुसऱ्या प्रकारात बॅटरी आहेच, शिवाय पोटात एक छोटे पेट्रोल इंजिन. ते चाकांना जोडलेले नाही. त्याने फक्त जनित्र फिरवायचे आणि बॅटरी भरायची. दोन्ही मिळून सुमारे ८०० किलोमीटर. या जोडणीचे नाव ठेवले ‘हार्वेस्टर’, जुन्या कंपनीची आठवण म्हणून. नंबर लावणाऱ्यांनी काय मागितले? २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनीच सांगितले की, ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी इंजिनवाली गाडी निवडली.

हे लोक विजेचे विरोधक आहेत काय? मुळीच नाहीत. विजेची मोटार जागेवरून जोर लावते, दगडातून गाडी सावकाश काढायला तिच्यासारखे दुसरे काही नाही, हे त्यांना पटलेले आहे. पण ही गाडी घेऊन त्यांना जायचे आहे डोंगरात आणि वाळवंटात, जिथे चार्जिंगची सोय नाही. थंडीत बॅटरी लवकर उतरते. मागे जड ट्रेलर जोडला तर पल्ला निम्म्यावर येऊ शकतो. रिकामी ट्रॉली आणि भरलेली ट्रॉली यांतला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको.

आपणही तेच केले होते की! विहिरीवर विजेची मोटार बसली, तरी शहाण्या शेतकऱ्याने ऑईल इंजिन लगेच मोडीत घातले नाही. रोजचे काम मोटारीने आणि लाईट गेली की इंजिनने. या अमेरिकन हौशी मंडळींनी आपला कौल दिला तो हाच. माझ्या मते हा कौल रानात राहणाऱ्या माणसाच्या व्यवहाराचा आहे आणि तो आपण नीट वाचला पाहिजे.

कारण प्रश्न असा आहे की, त्या छोट्या इंजिनच्या टाकीत काय जाणार? अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते, आणि ते मुख्यतः मक्याचे. म्हणजे नव्या स्काउटच्या टाकीत तिथल्या मकावाल्याचा वाटा आपोआप आहे. ब्राझीलमध्ये तर याच फोक्सवॅगनने २००३ मध्ये पेट्रोल आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात चालणारी ‘गोल’ गाडी विकायला काढली. तिथले इथेनॉल प्रामुख्याने उसाचे. मग पोटात इथेनॉलचे इंजिन असलेली विजेची गाडी होणार नाही असे कोण म्हणेल? जनित्राच्या इंजिनला एका ठरावीक वेगाने चालवता येते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, हे खरे. पण मुळात त्यासाठीच बांधलेले इंजिन त्याचा चांगला उपयोग करून घेते. आपल्याकडेही २९ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत टोयोटाच्या इनोव्हा गाडीचा इथेनॉल आणि वीज अशा जोडीवर चालणारा नमुना दाखवण्यात आला होता. तेव्हा ही हवेतली गोष्ट नव्हे.

मात्र इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, मग ती कडू का लागेना. पोटातले इंजिन कधीमधी चालणार. आजची गाडी जेवढे इंधन पिते, त्याच्या कितीतरी कमी ही पिणार. म्हणजे उद्याच्या गाडीत इथेनॉलला जागा राहील, पण ती कोपऱ्यातली असेल. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते. देशाने २०२५ मध्ये २० टक्के मिश्रण गाठले. यावरून ‘जेवढी डिस्टिलरी मोठी तेवढा भाव मोठा’ असा हिशेब कुणी मांडत असेल, तर त्याला जपून राहा म्हणावे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने एका आदेशाने उसाच्या रसाचे इथेनॉल थांबवले, तेव्हा कर्ज काढून डिस्टिलरी उभारणाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. पुढच्या हंगामासाठी बंदी उठली, पण तोवरचे व्याज कुणी माफ केले नाही. शेवटी ते व्याज जाते उसाच्या बिलातूनच.

मग करायचे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी.

एक, विस्ताराचा विषय सभेत आला की नुसत्या इथेनॉलचा आकडा ऐकून हात वर करू नका. सहवीज प्रकल्पाचा आकडाही शेजारी मागा. गाडीची चाके विजेवर फिरणार असतील, तर बगॅसची वीज हेही आपलेच इंधन आहे. रस, मळी आणि बगॅस ही एकाच उसाची लेकरे. एकाला तुपाशी आणि दुसऱ्याला उपाशी ठेवू नये.

दोन, कराचा प्रश्न. विजेच्या गाडीला ५ टक्के जी.एस.टी. आहे, तर मोठ्या हायब्रीड गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. चाके विजेवर चालतात आणि पोटातले इंजिन इथेनॉलवर, अशा गाडीला कोणत्या पंगतीत बसवायचे, हे ती बाजारात येण्याआधी ठरले पाहिजे. साखर संघाने ही मागणी दिल्लीपर्यंत न्यावी, असा ठराव आपल्या सभेने करावा.

तीन, गिऱ्हाइकाचे ऐकावे. मिश्रणाच्या पेट्रोलने गाडीचे अॅव्हरेज कमी झाले, असे कुणी म्हणाला की आपण त्याच्यावर चिडतो. चिडून माल खपत नाही. जुन्या गाडीला काय सोसते, नवीला काय, हे त्याला खरे सांगितले पाहिजे. अमेरिकेतल्या त्या कंपनीने निदान गिऱ्हाइकाला विचारले, ‘बाबा रे, तुला कोणती गाडी हवी?’ आणि उत्तर मिळाले.

नवी स्काउट वेळेवर येवो अथवा न येवो, ती आपल्या दारात उभी राहायची नाही. पण तिची वाट पाहणाऱ्यांनी उद्याच्या इंधनाची दिशा दाखवून दिली आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत चहा-चिवड्याबरोबर एवढा विषयही चर्चेला यावा, ही नम्र विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद