इंग्रजी घरच्या घरी : 'दॅट'नंतरचा 'आय' कोणाचा?

मागच्या जुम्याला अस्रनंतर शेजारच्या खाला आमच्याकडे आल्या. हातात मोबाइल आणि चेहऱ्यावर आशा. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला आहे. "बघा जरा, कंपनीचं पत्र आलंय. कंपनी घाबरलीय म्हणे. म्हणजे आता पैसे मिळतील ना?" त्यांनी विचारले. आम्ही पत्र वाचले आणि क्षणभर गप्प बसलो.

हकीकत अशी. मुलगा रजेवर घरी यायला निघाला तेव्हा त्याचे मॅनेजर म्हणाले होते, "जाऊन ये, तिकिटाचे पैसे मी देतो." तो परत गेला आणि पुढच्या पगारातून तिकिटाची रक्कम कापली गेली. त्याने मुख्य कार्यालयाला तक्रार लिहिली. तक्रारीतले महत्त्वाचे वाक्य होते : 'द मॅनेजर टोल्ड दॅट आय विल पे फॉर द टिकेट.' उत्तर आले : 'वी आर अफ्रेड दॅट युअर क्लेम कॅनॉट बी अ‍ॅक्सेप्टेड.'

मुलगा खोटे बोलला नव्हता. त्याने मनातले मराठी वाक्य जसेच्या तसे इंग्रजीत उतरवले होते : 'मॅनेजर म्हणाले की तिकिटाचे पैसे मी देईन.' मराठीत यात काहीच चूक नाही. पण इंग्रजी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ नेमका उलटा लागला : 'मॅनेजरने सांगितले आहे की पैसे हा मुलगा स्वतः देणार.' एका 'आय'ने त्याचा सगळा दावा त्याच्यावरच उलटवला. म्हणून या महिन्याचा धडा 'दॅट'चा.

'की' आणि 'दॅट' यांतला फरक

आपण 'की' म्हटले की पुढे दुसऱ्याचे शब्द त्याच्याच तोंडचे ठेवतो. 'तो म्हणाला की मी येतो' यातला 'मी' म्हणजे तोच. उर्दूतही असेच चालते. दखनी बोलणाऱ्या घरांत 'मैं आता बोलके बोला' म्हणतात, तिथेही 'मैं' हा बोलणाऱ्याचाच. घरात या तिन्हींपैकी कोणतीही बोली असो, आपली सवय एकच.

इंग्रजीत 'दॅट'नंतर असे चालत नाही. 'दॅट' म्हणजे मुळात 'ते', बोट दाखवणारा शब्द. बोट लिहिणाऱ्याचे असते, त्यामुळे पुढची सर्वनामेही लिहिणाऱ्याच्या जागेवरून ठरतात. 'आय' म्हणजे लिहिणारा, दुसरा कोणी नाही.

घरातलेच उदाहरण घ्या. 'अब्बा आपाला म्हणाले की मी तुला घेऊन जाईन.' हे धाकटा भाऊ सांगत असेल तर : 'अब्बा टोल्ड आपा दॅट ही वुड टेक हर.' 'मी'चा 'ही' झाला, 'तुला'चे 'हर' झाले. हेच आपा स्वतः मैत्रिणीला सांगत असेल तर : 'अब्बा टोल्ड मी दॅट ही वुड टेक मी.' अब्बांचे बोलणे तेच, पण सांगणारा बदलला की सर्वनाम बदलले. क्रियापदही बघा. 'टोल्ड' भूतकाळी आहे, म्हणून 'विल'चे 'वुड' झाले.

कोणत्या क्रियापदाला माणूस हवा?

'टेल'ला माणूस लागतोच. 'ही टोल्ड दॅट' हे वाक्य अर्धे आहे. कोणाला सांगितले? 'ही टोल्ड मी दॅट' असे लिहा. 'इन्फॉर्म', 'रिमाइंड' आणि 'अशुअर' यांनाही माणूस हवा.

'से'चे उलटे. 'ही सेड दॅट' हे पुरे आहे. 'ही सेड मी दॅट' मात्र चुकीचे. माणूस आणायचाच तर मध्ये 'टू' घाला : 'ही सेड टू मी दॅट'. 'एक्स्प्लेन'ही याच वाटेने जाते. 'ही एक्स्प्लेन्ड मी' असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते, पण बरोबर आहे 'ही एक्स्प्लेन्ड टू मी दॅट'.

'नो', 'थिंक' आणि 'होप' यांच्यामागे 'दॅट' सरळ येतो. बोलताना तो गाळलाही जातो : 'आय नो ही इज इल.' पण 'वाँट'मागे 'दॅट' लावू नका. 'मला वाटते त्याने यावे' याचे 'आय वाँट दॅट ही शुड कम' होत नाही. 'आय वाँट हिम टू कम' असे लिहा. 'दॅट' गेला की 'ही'चा 'हिम' होतो, हेही लक्षात ठेवा.

विशेषणांचे दोन गट

काही विशेषणे माणसाच्या मनाची अवस्था सांगतात : 'ग्लॅड', 'सॉरी', 'शुअर', 'अवेअर'. यांच्याआधी माणूस येतो. मराठीत आपण 'मला खात्री आहे की', 'मला आनंद आहे की' असे म्हणतो. इंग्रजीत 'मला'चा 'आय' होतो : 'आय अ‍ॅम शुअर दॅट', 'आय अ‍ॅम ग्लॅड दॅट'.

दुसऱ्या गटातली विशेषणे गोष्टीबद्दल बोलतात : 'ट्रू', 'क्लिअर', 'पॉसिबल', 'नेसेसरी'. यांच्याआधी 'इट' हवे : 'इट इज क्लिअर दॅट', 'इट इज पॉसिबल दॅट'. 'आय अ‍ॅम पॉसिबल दॅट' असे कधीही नाही. 'सर्टन' हा शब्द मात्र दोन्ही घरांत राहतो : 'आय अ‍ॅम सर्टन दॅट' चालते आणि 'इट इज सर्टन दॅट'ही.

आता खालांच्या प्रश्नाकडे येऊ. 'अफ्रेड' म्हणजे घाबरलेला, हे खरे. पण पत्रात 'वी आर अफ्रेड दॅट' आले की त्यात भीती नसते. नकार अदबीने देण्याची ती रीत आहे : 'दिलगीर आहोत, पण...' कंपनी घाबरली नव्हती. तिने नम्रपणे दार लावून घेतले होते. खालांना हे सांगणे आमच्या जिवावर आले, पण सांगितले.

मागणी कशी करावी?

'रिक्वेस्ट दॅट', 'सजेस्ट दॅट', 'डिमांड दॅट' यांच्यामागे क्रियापद मूळ रूपात राहते. 'आय रिक्वेस्ट दॅट द अमाउंट बी रिटर्न्ड टू मी.' इथे 'इज' नाही, 'बी'च. मराठीशी ताडून पाहा. आपण 'रक्कम परत मिळते अशी विनंती' म्हणत नाही, 'परत मिळावी' म्हणतो. जिथे आपला 'मिळावी', 'व्हावे', 'जावे' येतो, तिथे इंग्रजीत हे मूळ रूप येते, असे ध्यानात ठेवले की पुरे.

दुसरे पत्र

त्याच संध्याकाळी खालांनी मुलाला फोन लावला आणि आम्ही मिळून नवे पत्र तयार केले. त्यात तीनच वाक्ये होती :

'द मॅनेजर टोल्ड मी दॅट ही वुड पे फॉर माय टिकेट. आय अ‍ॅम शुअर दॅट देअर हॅज बीन अ मिसटेक. आय रिक्वेस्ट दॅट द अमाउंट बी रिटर्न्ड टू मी.'

पहिल्या वाक्यात सर्वनाम जागेवर आले, दुसऱ्यात विशेषण, तिसऱ्यात क्रियापद. मुलाने फोनवर तिन्ही वाक्ये दोनदा वाचून दाखवली. पहिल्या वाक्याशी थांबून म्हणाला, "म्हणजे आधी मीच कबूल करून बसलो होतो?" आम्ही म्हटले, "तू नाही बेटा, तुझा 'आय' कबूल करून बसला होता."

उत्तर अजून आलेले नाही. पैसे मिळोत, हीच दुआ. पण निदान आता त्याची बाजू त्याच्याच बाजूने बोलते आहे. दुसऱ्याचे बोलणे पोहोचवणे ही अमानत असते. भाषा बदलताना ती अमानत एका लहानशा शब्दाने बिघडू शकते, हे आपल्या मुलामुलींना आजच सांगून ठेवू या. उद्या त्यांनाही अर्ज, तक्रारी आणि जबाब लिहायचे आहेत.

घरचा अभ्यास

रात्री जेवणानंतर सगळे मिळून ही वाक्ये इंग्रजीत करा :

१. अम्मी मला म्हणाली की मी तुझ्यासाठी थांबेन.
२. हे खरे आहे की दुकान बंद आहे.
३. माझी इच्छा आहे की तिने शिकावे.

पहिल्यात 'मी' कोण ते आधी ठरवा. दुसऱ्यात 'इट' विसरू नका. तिसऱ्यात 'वाँट' वापरा आणि 'दॅट'ला बाहेर ठेवा. उत्तरे पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह.