आधी काय मागावे?

ख्रिस्ती घरातले मूल नीट बोलू लागले, की त्याच्याकडून प्रभूची प्रार्थना पाठ करून घेतात. मीही ती पाठ केली, आणि पाठ झाली म्हणूनच की काय, तिचा विचार मात्र कधी केला नाही. गेल्या वर्षी वार्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री मी गुडघे टेकले आणि माझेच शब्द मला प्रथमच नीट ऐकू आले. इंग्रजीचा पेपर सोपा जावा, शिष्यवृत्तीचे पैसे लवकर यावेत, बी. ए. झाल्याबरोबर नोकरी लागावी! ती प्रार्थना नव्हती, अर्ज होता. खाली सही करायची तेवढी राहिली होती.

जो उपासनेला जात नाही, पवित्र शास्त्र उघडत नाही, तो देवाला विसरला असे आपण समजतो. परंतु रोज प्रार्थना करूनही देवाला विसरता येते, असे मला वाटते. सारे लक्ष हव्या असलेल्या वस्तूवर असते आणि देव ती आणून देणारा एवढाच उरतो. मंडळीत उपकारस्तुतीच्या वेळी आपण कशाकशाचे उपकार मानतो ते पाहावे. नोकरी, बढती, नवे घर, मुलीचे लग्न. ते उपकार खोटे नसतात. पण ज्याला यांपैकी काहीच मिळाले नाही, त्याने मागच्या बाकावर बसून काय म्हणावे? देव त्याचा नाही काय?

यावर कोणी म्हणेल, की हे पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान झाले. हा आक्षेप मला हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या फीसाठी आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. "उद्याची काळजी करू नकोस," असे तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण येशूने डोंगरावरील प्रवचनात ही शिकवण दिली ती काही सावकारांना नव्हे. गालीलातले कोळी, शेतकरी, मोलमजुरी करणारे असे ते लोक होते. भाकरीची किंमत त्यांना कोणी शिकवायला नको होती. म्हणूनच प्रभूच्या प्रार्थनेत भाकर वगळलेली नाही, फक्त तिची जागा ठरवून दिली आहे. आधी देवाचे नाव, मग त्याचे राज्य, मग त्याची इच्छा, आणि चौथी भाकर. तीही आजच्यापुरती, आणि 'माझी' नव्हे, 'आमची'. पहिल्या तीन मागण्या ज्याने मनापासून केल्या, त्याला चौथी मागताना शेजाऱ्याचे रिकामे ताट दिसल्याशिवाय राहणार नाही.

तेव्हा देवाकडे लक्ष लावणे म्हणजे काम टाकून बसणे नव्हे. लूकच्या शुभवर्तमानात मार्थेला येशूने समजावले, ते सर्वांना माहीत आहे. परंतु योहानाच्या १२ व्या अध्यायात तीच मार्था पुन्हा वाढताना दिसते, आणि तेथे तिला कोणी बोल लावीत नाही. म्हणजे दोष स्वयंपाकाचा नव्हता. कामाच्या धांदलीत ज्याच्यासाठी काम चालले आहे तोच नजरेआड होतो, दोष तो होता.

आपल्या महाराष्ट्रातच याची उदाहरणे आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यांचा त्याग थोर खराच. पण लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना मनात येते, की घरातल्या एकाने उद्याचा विचार सोडला म्हणजे तो दुसऱ्या कोणाला तरी करावा लागतो. त्या 'दुसऱ्या'च्या भक्तीची नोंद आपण सहसा ठेवीत नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार मुली व स्त्रियांना आश्रय दिला. केडगावला विहिरी, शेती, विणकाम, छापखाना असा केवढा तरी व्याप त्यांनी उभा केला. याच बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबल मराठीत आणले, आणि १९२२ साली देह ठेवीपर्यंत त्या या कामात होत्या. त्यांचे लक्ष देवाकडे होते की जगाकडे, असा प्रश्न तरी विचारता येईल का?

माझी आई शाळेत गेलेली नाही. पहाटे ती प्रभूची प्रार्थना म्हणते, तेवढीच, आणि खुरपे घेऊन निघते. स्वतःचे असे ती त्यात काही घालीत नाही. पूर्वी मला वाटे, तिला मागताच येत नाही. आता वाटते, क्रम मीच चुकलो होतो.

मित्रहो, यंदाही परीक्षा येईल. अभ्यास करावाच लागेल, नोकरीही शोधावी लागेल, आणि ते मागण्यात पाप नाही. पण आदल्या रात्री गुडघे टेकताना पहिल्या तीन मागण्या आधी म्हणून पाहू. चौथीपर्यंत येता येता आपली यादी थोडी लहान झाली, तर तेही एक उत्तरच समजावे.