ग्राउंड गेलं, आता पुढचं ग्राउंड

पहाटे पाचला बुलढाण्याहून चिखलीच्या रस्त्याला लागा, किंवा घाट उतरून मलकापूर-नांदुऱ्याकडे जा. रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं-पोरी दिसतीलच. त्यातली बहुतेक भरतीवाली. पण मला आज बोलायचंय ते न दिसणाऱ्यांशी, म्हणजे मागच्या भरतीपर्यंत रोज पळत होते आणि आता बूट खाटेखाली सरकवून बसलेत त्यांच्याशी. तुमच्या वर्गात असा एक तरी असेल. कदाचित तो तुम्हीच असाल.

‘ग्राउंड गेलं’ म्हणतो आपण. ते इतकं का लागतं, ते आधी समजून घेऊ. 2019 मध्ये पोलीस भरतीत लेखी आधी घ्यायचं ठरलं होतं. 2022 मध्ये पुन्हा मैदानी चाचणी आधी आली. मैदानाचे 50 गुण: मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर, त्याला 20, 100 मीटरला 15, गोळ्याला 15. निम्मे गुण हवेतच, पण निम्म्यावर भागत नाही, कारण लेखीला एका जागेमागे दहाच जण बोलावतात. म्हणजे ज्याचा 1600 बिघडला, त्यानं दोन वर्षं घोकलेलं जीके आणि गणित कोणी तपासतच नाही. 2024 च्या भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांच्या वर अर्ज होते. एका जागेला साधारण शंभर. ग्राउंड सुरू झालं 19 जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर, आणि कित्येक ठिकाणी चिखलामुळे तारखा पुढे ढकलाव्या लागल्या.

त्यात वयाची अट: खुल्या गटाला 28, मागासवर्गीयांना 33. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारनं सुमारे 15 हजार जागांच्या भरतीला मंजुरी दिली, तेव्हा 2022 आणि 2023 मध्ये वय उलटलेल्यांना एकवेळची संधीही द्यावी लागली. भरती वेळेवर होत नाही याची ही सरकारी कबुलीच म्हणायची. शहरात हौसेनं मॅरेथॉन पळणाऱ्याची एक शर्यत बिघडली, तर पुढच्या महिन्यात दुसरी असते. तुमची पुढची शर्यत कधी, हे तुम्हाला कोणी सांगत नाही. त्यामुळे ‘मन खंबीर कर’ म्हणणाऱ्यांचा राग येत असेल, तर मला तो रास्त वाटतो.

आता आपल्या शेजारच्या मराठवाड्यातलाच एक गडी बघा. अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. पळायला खऱ्या अर्थानं सुरुवात केली ती तिथंच. 2018 मध्ये घोटा दुखावला आणि आशियाई स्पर्धेची संधी हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्यानं 3000 मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनींचा 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला, 8 मिनिटं 29.80 सेकंद. पुढे ऑगस्ट 2023 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत गडी पहिल्याच फेरीत बाहेर. ज्यानं आदल्या वर्षी राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणलं, तो अंतिम फेरीतही नाही! सहा आठवड्यांनी, 1 ऑक्टोबरला, हांगझोऊला आशियाई सुवर्ण. आणि जुलै 2025 मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडून गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, टोकियोची जागतिक स्पर्धा घरी बसून बघावी लागली.

ही यादी मी ‘बघा, तोही उठला’ म्हणायला देत नाहीये. साबळेमागे सैन्याचा पगार होता, खुराक होता, प्रशिक्षक आणि फिजिओ होते. तुमच्यामागे घरचं सोयाबीन आणि अकॅडमीची फी. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. बुडापेस्टच्या एका वाईट दिवसानं त्याची वर्षांची तयारी पुसली गेली नव्हती. पाय तेच होते. तुमचं ग्राउंड ज्या दिवशी गेलं, त्या दिवशीसुद्धा तुमच्या पायात आदल्या आठ महिन्यांचं पळणं होतंच की.

मग नेमकं बिघडलं काय? पूर्ण 20 गुणांसाठी 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत लागतं. चारशेचा एक राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांचा. आणि आपण पहिला राउंड काढतो 66-68 मध्ये, कारण शेजारचा सुसाट सुटलेला असतो. तिसऱ्याला पाय जड, चौथ्याला छातीत जाळ. पुढे डोक्यात राहतो तो चौथा राउंड, आणि आपण म्हणतो ‘माझ्यात दमच नाही’. दम होता हो. हिशोब चुकला होता. हे घरी बसून उमगत नाही; चारही राउंडचे सेकंद वहीत लिहून काढले की दिसतं.

ज्यांचं नडगीनं घात केला, त्यांच्यासाठी आणखी एक. जाहिरात आली की आपण एकदम रोज फुल स्पीडनं सुटतो, तेही डांबरावर. सुट्टीनंतर दम काही आठवड्यांत परत येतो. हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने लागतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘आता जमतंय’ वाटत असतानाच नडगी धरते. एकाच जागी बोट ठेवलं की कळ येत असेल, बसल्यावर-झोपल्यावरही ठणकत असेल, तर मलम चोळत बसू नका. हाडांच्या डॉक्टरला दाखवा, हाडाला बारीक चीर असू शकते. त्या दुखण्यावर पळणं म्हणजे पुढची भरतीही घालवणं.

आणि हो, घाटाखालच्यांनो, स्वतःच्या वेळेची तुलना बुलढाण्याच्या गार हवेत पळणाऱ्या मित्राशी करू नका. शेगाव-खामगावकडच्या उन्हाळ्यात तीच धाव काही सेकंद जास्त घेणारच.

लोकांचं काय, हा प्रश्न उरतोच. पारावरचा काका विचारणार, “काहून रे, यंदाबी नाही झालं का?” मुलींना तर त्यापुढचा प्रश्न असतो, तो लग्नाचा. याला माझ्याकडे औषध नाही. एवढं मात्र पाहिलंय की परत पळायला लागलेले बहुतेक जण एकटे लागले नाहीत. कोणीतरी पहाटे दाराशी येऊन हाक मारली. तुमचा मित्र थांबला असेल, तर त्याला प्रेरणेचा रील पाठवू नका, दाराशी जा.

पहिले दोन आठवडे घड्याळ घरीच राहू द्या. मऊ मातीवर, बोलता येईल इतक्याच वेगानं, मध्ये चालत. तिसऱ्या आठवड्यात एकच चारशे, 80 सेकंदांत, आणि थांबायचं. दुसऱ्यासाठी पाय शिवशिवत असले तरी. तो आकडा वहीत लिहा. चौथ्या आठवड्यात दोन चारशे, मध्ये भरपूर विश्रांती. पूर्ण 1600 ची टेस्ट दोन महिने नको.