पांढऱ्या चहाचे औषध करू नका

आमच्या धुळ्यात ‘सुटा चहा’ म्हटले की पाचकंदिलाजवळच्या एखाद्या दुकानात डब्यातून मापून कागदाच्या पुडीत बांधून मिळणारी काळी भुकटी डोळ्यांसमोर येते. आणि ‘पांढरा चहा’ म्हटले की दूध जास्त पडलेला! त्यामुळे बंगळुरूच्या भाच्याने फोनवर, “मावशी, सुटा पांढरा चहा पाठवलाय, उकळू बिकळू नकोस हं,” असे सांगितले तेव्हा घरात दोन दिवस नुसता विनोदच चालला होता. पाकीट उघडले तर आत चहासारखे काही दिसेना. वाळलेल्या, रुपेरी लव असलेल्या लांबट कळ्या आणि काही करडी-हिरवी पाने. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “अहो बाई, हा तर पालापाचोळा!”

तर मंडळी, त्या पालापाचोळ्याला आता तीन वर्षे होत आली आणि माझे त्याच्याविषयी काही मत बनले आहे.

आधी हे काय प्रकरण आहे ते सांगते. झाड तेच, कॅमेलिया सायनेन्सिस. आपला रोजचा चहा, हिरवा चहा, पांढरा चहा, सगळे त्या एकाच झाडाचे. फरक आहे तो खुडण्यात आणि खुडल्यानंतरच्या कारभारात. आपली नेहमीची दाणेदार पत्ती सीटीसी पद्धतीची. म्हणजे दातेरी रुळांमधून पाने चिरडून, फाडून, वळवून तिचे दाणे करतात. 1930 च्या सुमारास आसामात विल्यम मॅककर्चर या साहेबाने हे यंत्र काढले आणि थोड्या पत्तीत भरपूर रंग देणारा, दूध-साखरेपुढे न हरणारा चहा देशभर स्वस्त झाला. पांढऱ्या चहाच्या वाटेला यातले काहीच जात नाही. न उमललेली कळी, फार तर तिच्या शेजारची एक-दोन कोवळी पाने हाताने खुडायची, पातळ पसरून दीड-दोन दिवस सुकू द्यायची आणि मंद आचेवर वाळवायची. चुरगळणे नाही, भाजणे नाही. कळीवरची पांढरी लव तशीच राहते, म्हणून नाव पांढरा. चीनच्या फूजियान प्रांतात हा मूळचा. आता आपल्याकडे दार्जिलिंग, आसाम आणि निलगिरीतही होतो.

(इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले, म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. चीनचा सम्राट हुइझोंग याने 1107 साली चहावर एक ग्रंथ लिहिला आणि त्यात पांढऱ्या चहाला सर्वांत वरचे स्थान दिले. त्याचा पांढरा चहा आजच्यासारखा नव्हता. एका दुर्मीळ झुडपाचा, कुटून घुसळून प्यायचा. वीस वर्षांनी 1127 मध्ये शत्रूने राजधानी घेऊन महाराजांना कैद करून नेले. चित्रे उत्तम काढायचे, चहातले उत्तम कळायचे, राज्यातले मात्र फारसे नाही. असो.)

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझ्याबरोबर शाळेत असलेल्या एक बाई, माझ्याहून चार वर्षांनी लहान, मधुमेहाच्या जुन्या दुखणेकरी. त्यांना कुणीतरी घरी येऊन हाच पांढरा चहा विकला. डब्यावर ठळक अक्षरांत साखर उतरते, चरबी वितळते, सांधे मोकळे होतात, असे सगळे. भाव ऐकाल तर चक्कर येईल. बाईंनी दिवसातून तीनदा तो भक्तिभावाने घेतला आणि ‘आता गरज काय’ म्हणून गोळ्या आधी निम्म्या केल्या, मग बंद. दोन महिन्यांत साखर इतकी चढली की रात्री दवाखान्यात न्यावे लागले. पायाची जखम भरायला पुढे पाच महिने लागले. शिकलेली बाई! आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलेली!

चहात पॉलिफेनॉल असतात हे खरे. प्रयोगशाळेत त्यांचे गुण दिसतात हेही खरे. पण काचेच्या नळीत जे होते ते कपभर पाण्यातून माणसाच्या शरीरात तसेच्या तसे होते असे नव्हे, आणि गोळीच्या जागी चहा बसत नाही, म्हणजे नाही. उलट चहा जेवणाबरोबर घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर दोन्हींत किमान तासाभराचे अंतर हवे. ‘पांढऱ्यात कॅफिन नसते’ हेही असेच एक ऐकीव. कोवळ्या कळीत ते चांगलेच असते. रात्री नऊला घेऊन मग झोप का लागत नाही म्हणून विचारू नये.

मग प्यायचा कशासाठी? चवीसाठी. माझ्या मते एवढे कारण पुरे आहे. आणि एक व्यवहाराची गोष्ट म्हणजे त्यात साखर लागतच नाही. आपल्याकडे येईल त्याला चहा आणि जाऊ तिथे चहा. पाच कप, कपाला दोन चमचे, चमचा चार ग्रॅमचा धरला तरी चाळीस ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, आणि आपण ती नुसत्या चहातच ओलांडतो. त्यातले दोन कप पांढऱ्याचे झाले तर सोळा ग्रॅम गेली. यात जादू कसली, साधी वजाबाकी आहे.

निवडायचा कसा, हे खानदेशच्या माणसाला शिकवावे लागू नये. कापसाची पहिली वेचणी आणि फरदड यांतला फरक आपल्याला हाताला कळतो. तसेच हे. वसंतातला पहिला खुडा सगळ्यांत चांगला. चिमूटभर तळहातावर घ्या. कळ्या अखंड, टपोऱ्या, लव शाबूत हवी. चुरा, काड्या आणि तांबूस-काळी पाने जास्त दिसली तर ती कवडी समजा. वास ताज्या गवताचा, थोडा मधाचा. पोत्याचा किंवा कुबट आला तर दुकानातून बाहेर. अत्तर मारल्यासारखा घमघमाट आला तर वरून सुगंध घातला आहे. पाकिटावर बागेचे किंवा निदान प्रदेशाचे नाव, खुडणीचा वा पॅकिंगचा महिना आणि चौदा आकडी परवाना क्रमांक पाहावा. नुसत्या कळ्यांचा चहा फार महाग असतो; नवशिक्याने कळी-पान मिश्र घ्यावा, त्याला चवही जरा भरीव असते. आणि घरी आल्यावर काळ्या मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवू नका हो! चहा वास ओढतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, अंधारे कपाट, मसाल्यापासून लांब.

करायचा कसा यात सगळी गंमत पाण्याची. आमच्याकडे बोअरचे पाणी जड. त्यात हा चहा केला तर रंग गढूळ, वर पातळ तवंग आणि सुगंध गायब. पिण्याचे गाळलेले पाणी घ्यावे. ते उकळावे, गॅस बंद करावा आणि झाकण न ठेवता चार-पाच मिनिटे थांबावे, म्हणजे ते ऐंशी अंशांच्या आसपास येते. हे थांबणेच लोकांना जमत नाही! पत्ती तीन ग्रॅम, पाणी साधारण दोनशे मिलि, म्हणजे छोटे दोन कप. पत्ती हलकी असल्याने सपाट चमच्यावर विश्वास ठेवू नका, दोन-तीन चमचे भरून लागतात. चिनी मातीच्या किटलीत वा काचेच्या भांड्यात पत्ती, वरून पाणी, झाकण, चार मिनिटे, गाळणे. पत्ती टाकून देऊ नये. दुसऱ्या पाण्याला पाच मिनिटे, तिसऱ्याला सात. मला दुसरे पाणी सर्वांत आवडते. आमच्या ह्यांचे मत ‘तिन्ही पाणीच आहेत’ असे आहे.

आणि मे महिन्यात, बाहेर चव्वेचाळीस अंश असताना, तीन ग्रॅम पत्ती अर्ध्या लिटर थंड पाण्यात रात्री फ्रिजमध्ये ठेवून द्यावी. सकाळी गाळून प्यावे. कडूपणा जवळजवळ नाही, आणि उन्हाळ्यात आमच्या देवपुरात नातवंडे तेच मागतात.

महाग आहे म्हणून ओरडणाऱ्यांसाठी हिशेब. समजा पन्नास ग्रॅम पाचशे रुपयांना मिळाला. तीन ग्रॅम म्हणजे तीस रुपये, त्यात तीन वेळा मिळून सहा छोटे कप. कप पाच रुपयांना पडला. टपरीवरचा कटिंग दहाला आहे.

याचा अर्थ दुधाचा चहा वाईट, असे मी म्हणणार नाही. पाहुणा आला, बाहेर पाऊस लागला, घरात कुणी गेले, तेव्हा आले ठेचून उकळलेला चहाच हवा. सांत्वनाला आलेल्या माणसापुढे कोमट पिवळसर पाणी ठेवून ‘दार्जिलिंगचा आहे’ सांगणे मला तरी जमणार नाही. पण दुपारी चारला, घर झोपलेले असताना, एकटीने पुस्तक घेऊन बसायचे असेल तर तेव्हा पांढरा. चव हळू येते, घाईत येतच नाही. दुधाच्या सवयीच्या जिभेला पहिले आठ-दहा दिवस काही लागणार नाही, तेवढे मात्र सोसायला हवे.

दिवाळीला येणाऱ्यांपैकी दोघांनी आणू का म्हणून विचारले आहे. आणा, पण पन्नास ग्रॅमच, आणि पॅकिंगचा महिना बघून. ज्या डब्यावर मधुमेहाचे नाव छापले असेल तो मात्र नको.